केन हिलचे 29 लॉक आणि विम्याचा एक कागद

बाबा एप्रिलमध्ये सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले ते सहा महिन्यांच्या व्हिसावर. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. केनेट-एव्हन कालव्यावरचं एक लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दोन दारांमधला हौद, दाखवायला नेलं, तर तासभर जागचे हलेनात. त्याच दिवशी ठरवलं, ते इथे आहेत तोवर स्वतःच्या बोटीतून त्यांना याच कालव्यावरच्या डिव्हायझेस गावाला न्यायचं आणि तिथली केन हिल टेकडी लॉकमधून उतरायची. तिथे सव्वातीन किलोमीटरमध्ये 29 लॉक आहेत आणि बोट 72 मीटर खाली येते. मे महिन्यात न्यूबरीजवळ 1989 सालची 50 फुटी जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब, अरुंद बोट, घेतली. आणि तिथेच अडकलो.

बोट कालव्यावर ठेवायची तर परवाना हवा, आणि आधीच्या मालकाचा परवाना नव्या मालकाला चालत नाही. नव्या परवान्यासाठी बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. प्रमाणपत्र बोटीबरोबरच आलं होतं. ते चार वर्षं चालतं, त्यामुळे जुनी बोट घेताना त्यावरची तारीख आधी बघा. राहिला विमा. एका दलालाच्या ऑफिसात फोन केला, तर म्हणाले, बोट तीस वर्षांपुढची आहे, तळाचा सर्व्हे रिपोर्ट आणा. सर्व्हेसाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते, आणि यार्डाच्या क्रेनची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. परवाना नाही, म्हणून बोट जागची हलवायची नाही. बाबा रोज सकाळी कॅलेंडरकडे बघायचे, बोलायचे मात्र काही नाहीत. मला तेच जास्त लागायचं.

एकदाची क्रेन आली. सर्व्हेयरने हातोडीने तळ ठोकून बघितला, मग जागोजागी यंत्र टेकवून पत्र्याची जाडी मोजली. विमावाल्यांना साधारण चार मिलिमीटर तरी जाडी हवी असते. मागच्या बाजूला एका ठिकाणी ती कमी भरली. तिथे नवा पत्रा वेल्ड करून घेतला, रिपोर्ट पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, काम पूर्ण झाल्याचं पत्र जोडा. ते जोडलं. पुन्हा शांतता. फोन केला की दर वेळी वेगळा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. शेवटी एका दुपारी फोनवर आलेल्या मुलीने शांतपणे विचारलं, "तुम्हाला परवान्यापुरताच विमा हवाय का? मग थर्ड पार्टी घ्या, आमच्याकडे त्याला सर्व्हे लागत नाही." वीस मिनिटांत कागद ईमेलवर आला. हाच प्रश्न पहिल्या फोनवर कुणी विचारला असता तर माझ्या बापाचे इतके आठवडे वाचले असते. वर्ष झालं, अजून राग गेलेला नाही.

सर्व्हे करूच नका असं म्हणत नाही. तो पातळ पत्रा सापडला ते बरंच झालं. पण सर्व्हे बोटीचे पैसे देण्याआधी करायचा. आणि विम्याला फोन केला की पहिलं वाक्य हेच बोला: परवान्यासाठी कमीत कमी काय लागतं?

त्या सगळ्या आठवड्यांत बाबा थर्मास घेऊन जवळच्या लॉकवर जाऊन बसायचे. येणाऱ्या बोटवाल्यांनी हळूहळू त्यांच्या हातात विंडलास, म्हणजे लॉकच्या झडपा फिरवायचं हँडल, द्यायला सुरुवात केली. मी जे लॉक शिकलो ते त्यांच्याकडून. दोन्ही बाजूंचं पाणी सम होईपर्यंत दाराच्या तुळईला पाठ लावून कितीही रेटा, दार हलत नाही. "जोर लावू नकोस, थांब. सैल होतं बघ," असं ते म्हणायचे आणि तुळईवर नुसता तळवा ठेवून उभे राहायचे. फटीतून येणारी पाण्याची चिळकांडी बारीक होत जायची, आणि दार खरंच आपणहून ढिलं व्हायचं.

विंडलास पॅडलच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, दांड्यावर कधीही तसंच सोडू नका. खटका निसटला तर ते गरगरा फिरतं आणि माणसाचा हात मोडतं. उतरताना बोट पुढेच ठेवा. वरच्या दाराच्या आत काँक्रीटचा उंबरठा असतो, त्याची खूण भिंतीवर पांढऱ्या रेघेने केलेली असते. बोटीची शेपटी त्यावर टेकली आणि पाणी उतरत राहिलं तर बोट तिरकी होऊन बुडते. एक माणूस फक्त त्या रेघेवर नजर ठेवायला हवा. दोर काठावरच्या खुंटाला (बोलार्डला) गाठ मारून बांधायचा नाही, वेढा देऊन हातात धरायचा.

एक राहिलं. न्यूबरीच्या खाली केनेट नदीचे तुकडे लागतात, तिथे पाऊस झाल्यावर पाण्याची पातळी रंगांनी दाखवणाऱ्या फळ्या बघा. पाणी लाल पट्ट्यात असेल तर थांबा.

ऑगस्टच्या शेवटी निघालो. केन हिलला मधले 16 लॉक एका सरळ रेषेत आहेत, बाजूला पाणी साठवणारी तळी. 1810 सालचं इंजिनिअर जॉन रेनीचं काम. बाबा वरच्या दारापाशी उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले. "हे फावड्यांनी खणलंय," एवढंच म्हणाले. हे लॉक दोन नॅरोबोटी शेजारी मावतील एवढे रुंद आहेत. जोडीदार बोट मिळाली तर नक्की घ्या, पाणी वाचतं आणि हातही वाढतात. दुपारी ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत, म्हणून आदल्या रात्री वरतीच मुक्काम करा. आम्हाला साडेपाच तास लागले.

टेकडीच्या पायथ्याशी फॉक्सहँगर्सचं शेवटचं पॅडल बाबांनी स्वतः खाली घेतलं, विंडलास फडक्याने पुसलं आणि पिशवीत ठेवलं. सप्टेंबरात ते परत गेले तेव्हा विंडलास त्यांच्या सामानात होतं.