तुम्ही विचारलंत म्हणून: शेकोटी उजेडी का पेटते?

बायपोलर विकार (मन कधी उन्मादाकडे म्हणजे अति उत्साहाकडे, तर कधी खोल नैराश्याकडे झुकण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात मी दर जुलैत आठवडाभर परिचारिका म्हणून जाते, हे कळले की इथल्या मिशिगनमधल्या महाराष्ट्र मंडळातली मंडळी आणि पुण्याचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : “याचा खर्च कोण करते?” एक रुग्णालय, पालकांची संघटना आणि काही देणगीदार मिळून तो उचलतात. पण एवढ्याने शिबिर कसे उभे राहते ते कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आजारी मुलांची वेगळी शिबिरे अमेरिकेत जुनीच आहेत. इन्सुलिन हाती आल्यावर काही वर्षांतच, १९२५मध्ये, याच राज्यात डॉ. लिओनार्ड वेंड्ट यांनी मधुमेही मुलांसाठी असे शिबिर भरवले होते. आमची अडचण मात्र निराळी आहे. या आजारात झोप मोडणे हेच उन्मादाची लाट यायला पुरेसे कारण ठरू शकते, आणि मिशिगनमध्ये जुलैत सूर्य मावळतो तोच सव्वानऊच्या सुमारास. अंधार पडल्यावर शेकोटी पेटवायची, तर मुले अंथरुणाला पाठ टेकणार अकराला. शिबिरासाठी ज्यांची जागा आम्ही वापरतो, त्यांच्याकडे रात्रीची शेकोटी ही वर्षानुवर्षांची प्रथा होती. पहिल्या वर्षी आम्ही ती तशीच चालू दिली, आणि तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे चारला एक बारा वर्षांचा मुलगा तळ्याच्या धक्क्यावर एकटाच, अखंड बोलत बसलेला सापडला. तो सुखरूप होता, पण ती पहाट मी विसरलेले नाही. पुढच्या वर्षी जागामालकांनी स्वतःहून शेकोटी साडेसहावर आणली. माझ्या लेखी कोणत्याही धनादेशापेक्षा ही मदत मोठी आहे, कारण त्यासाठी त्यांनी आपली जपलेली रीत बाजूला ठेवली.

औषधांचेही तसेच आहे. काही मुले लिथियम घेतात. मनाच्या आजारावर त्याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९मध्ये दाखवले, आणि आजही त्याची उपयोगी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. उन्हात खेळून घाम गेला, पाणी कमी पडले, की रक्तातले लिथियम वाढते. पाय मुरगळला म्हणून शिबिरात सहज दिली जाणारी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळीही ते वाढवू शकते. म्हणून जागामालकांच्या प्रथमोपचाराच्या कपाटातून ती गोळी आम्ही काढायला लावली. जवळच्या औषधविक्रेत्याने प्रत्येक मुलाच्या सकाळ-रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत बांधून द्यायचे मान्य केले, आणि रुग्णालयाची प्रयोगशाळा रक्ताचा नमुना त्याच दिवशी तपासून देते. प्रत्येक मुलाच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाशी चार रबरबँड असतात; बाटली संपवून पुन्हा भरली की एक वर सरकवायचा. रात्री औषध देताना मी बाटली पाहते आणि मुलाला दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगते. हातांची थरथर वाढणे ही लिथियम वाढल्याची खूण असू शकते; ती नेहमीपेक्षा जास्त दिसली, तर त्या रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही.

मुलांसोबत खोलीत झोपतात ते मानसशास्त्राचे विद्यार्थी. त्यांच्या विद्यापीठाने हा आठवडा प्रशिक्षणात धरला, हीही भागीदारीच. पण वयाने लहान असले तरी रात्री जागून सकाळी ताजेतवाने राहणे त्यांनाही जमत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुलांमध्ये हे निदान किती सहज करावे, याबद्दल डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, आणि आमच्याकडे आलेल्या काही मुलांचे निदान पुढे बदललेही. शिबिराला त्याने फरक पडत नाही. वेळेवर झोप आणि समजून घेणारी माणसे त्यांनाही हवीच असतात.

गेल्या वर्षी मंडळाने देणगी देऊ केली, तेव्हा मी रात्रपाळीला माणसे मागितली. देणगीतून झोपण्याच्या खोल्यांना गडद पडदे आले, कारण नऊला झोपायचे तर बाहेर उजेड असतो. पडदे लावायला आलेल्यांपैकी दोघे यंदा रात्री दहा ते पहाटे सहा धक्क्याजवळ बसणार आहेत.