वायपरसाठी तयारी: युक्रेनच्या नेटवर्कांनी काय दाखवून दिलं

१२ डिसेंबर २०२३ च्या सकाळी युक्रेनमधली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी, कीवस्टार, बंद पडली. साधारण २ कोटी ४० लाख ग्राहकांचे फोन मुके झाले. सुमी भागात हवाई हल्ल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेलाही फटका बसला. युक्रेनच्या सुरक्षा सेवेतले तेव्हाचे सायबर विभागप्रमुख इल्या व्हितियुक यांनी नंतर सांगितलं की हल्लेखोर किमान मे २०२३ पासून आत बसून होते आणि त्यांनी हजारो व्हर्च्युअल सर्व्हर पुसून टाकले. सगळ्या सेवा सुरू व्हायला २० डिसेंबर उजाडला.

खंडणी कोणी मागितली नाही, आणि युद्धकाळातल्या हल्ल्याचं मुख्य वैशिष्ट्य तेच आहे. रॅन्समवेअरमध्ये, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्राममध्ये, निदान किल्ली कुणाकडे तरी असते. वायपरमध्ये, म्हणजे डेटा पुसून टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये, किल्लीच नसते, डिस्क कोरी होते. म्हणून तयारी करताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा: आपला प्रत्येक सर्व्हर उद्या सकाळी कोरा मिळाला, तर पहिलं मशीन कुठून उभं करणार?

आत शिरण्याचे मार्ग बहुतेक वेळा साधेच निघाले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या तीन वीज वितरण कंपन्यांमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या ऑफिस फाइली ईमेलने आल्या. तिथून चोरलेले पासवर्ड व्हीपीएनवर (बाहेरून नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेवर) चालले, कारण दुसरा घटक, म्हणजे पासवर्डखेरीज ओटीपीसारखी आणखी एक खूण, मागितलाच जात नव्हता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा वायपर आला तो एम.ई.डॉक या युक्रेनी हिशेब सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याची झळ थेट जेएनपीटीपर्यंत पोहोचली, कारण तिथलं एक टर्मिनल मर्स्क या जहाज वाहतूक समूहातली कंपनी चालवत होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला व्हायासॅट या कंपनीच्या उपग्रह इंटरनेट नेटवर्कवर हल्ला झाला तो इटलीतल्या तुरिन इथल्या, चुकीच्या पद्धतीने कॉन्फिगर केलेल्या व्हीपीएन यंत्रातून. हल्लेखोर व्यवस्थापनाच्या भागात पोहोचले आणि तिथून हजारो मोडेमना त्यांची फ्लॅश मेमरी खराब करणाऱ्या आज्ञा गेल्या. जर्मनीतल्या ५८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण संपर्क त्यात तुटला.

या घटनांत एक धागा सारखा दिसतो. दार छोटं असतं, पण नासधूस होते ती आपण स्वतः उभारलेल्या व्यवस्थापनाच्या वाटेने. फेब्रुवारी २०२२ मध्ये हर्मेटिकवायपर निदान एका संस्थेत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोज नेटवर्कमधल्या खात्यांची आणि मशीनची मध्यवर्ती नोंद) ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनवर एकदम सेटिंग लावण्याची सोय) पसरवला गेला. म्हणजे जी सोय सगळ्या मशीनवर प्रिंटर लावायला वापरतो, त्याच सोयीने सगळी मशीन पुसली. फक्त पॅच लावून हे थांबत नाही. नॉटपेट्याने वापरलेल्या विंडोजच्या छिद्राचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता, तरी पॅच लावलेली मशीनही गेली, कारण तो मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड आणि टोकन (लॉगिनचे तात्पुरते परवाने) उचलून पुढे सरकत होता.

म्हणून डोमेन अ‍ॅडमिनचं खातं डोमेन कंट्रोलरखेरीज (डोमेनमधली, म्हणजे त्या डिरेक्टरीखालच्या नेटवर्कमधली, लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठेही लॉगिन होऊ नये. नुसती सूचना काढून भागत नाही. ग्रुप पॉलिसीत लॉगिन नाकारण्याचे हक्क लावून ते बंद करायचं. सर्व्हर सांभाळणारी खाती वेगळी, डेस्कटॉप सांभाळणारी वेगळी. अ‍ॅडमिनचं काम वेगळ्या मशीनवरून, जिथे ईमेल आणि ब्राउझिंग नाही. प्रत्येक मशीनचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड लॅप्सने (मायक्रोसॉफ्टची पासवर्ड सांभाळणारी सोय) वेगळा ठेवायचा आणि डेस्कटॉप ते डेस्कटॉप पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचा मार्ग, विंडोज फायरवॉलनेच बंद करायचं. डेस्कटॉपना एकमेकांशी फाइल शेअरिंग करण्याची गरज क्वचितच असते. हिशेब, पगार, हजेरी यांचे विक्रेत्याकडून अपडेट घेणारे सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, आणि बाहेर फक्त विक्रेत्याच्या पत्त्यांवर जाऊ द्या.

व्हर्च्युअल सर्व्हरचे होस्ट (ज्या खऱ्या मशीनवर ते चालतात) डोमेनला जोडू नका, हे आग्रहाने सांगतो. २०२४ मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीत असं दिसलं की व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीचा होस्ट डोमेनला जोडलेला असेल, तर डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा गट बनवणाऱ्याला होस्टवर पूर्ण हक्क मिळत होते. होस्ट हाती आला की त्यावरचे पन्नास सर्व्हर आतून कितीही कडेकोट असले तरी उपयोग नाही.

आता बॅकअप. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. रेप्लिकेशन (दुसरीकडे आपोआप होणारी ताजी नक्कल) म्हणजे बॅकअप, हा पहिला. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर एकमेकांना सिंक होत होते, आणि सगळे एकत्रच गेले. घानामधला एक वाचला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता. त्या एका प्रतीच्या जोरावर कंपनीने १० दिवसांत सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५००० पीसी पुन्हा उभे केले. जे तिथे नशिबाने झालं, ते आपण ठरवून करायचं: एक प्रत कायम तारेपासून तोडलेली.

बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर, त्याची खाती वेगळी, दुसऱ्या घटकासह. डेटा त्याने ओढून घ्यावा. इतर सर्व्हरकडे त्याचा पासवर्ड नसावा. अपरिवर्तनीय साठवण (ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाही पुसता न येणारी) घेतली की झालं असं समजू नका. त्या साठवणीच्या सर्व्हरचं आयड्रॅक किंवा आयएलओ पोर्ट (सर्व्हर दुरून चालवण्याची सोय) साध्या नेटवर्कवर असेल, तर हल्लेखोर तिथून शिरून डिस्कच फॉरमॅट करतो. घड्याळही तपासा: एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) हाती लागलं आणि तारीख पुढे सरकवली, तर काही यंत्रणांमध्ये कुलूप मुदत संपली म्हणून उघडतं.

परत आणायला किती वेळ लागेल, याचा हिशेब कागदावर करा. एलटीओ-८ या बॅकअपच्या टेपमध्ये कॉम्प्रेशनशिवाय १२ टीबी मावतात आणि कमाल वेग सेकंदाला ३६० एमबी, म्हणजे एक टेप वाचायला सव्वानऊ तास. ६० टीबीसाठी पाच टेप. ड्राइव्ह एकच असेल तर ४६ तास, तेही काही अडलं नाही तर. व्यवस्थापनाला हा आकडा आधी सांगितला तर दुसऱ्या ड्राइव्हचे पैसे मिळतात.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठी दोन वेगवेगळ्या डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट (डिरेक्टरीसकट सगळी मूळ सेटिंग) बॅकअप रोज घ्या आणि डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्त करण्याच्या मोडचा) पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. सराव करताना आणि खऱ्या प्रसंगीही क्रम असा: बाहेरच्या कशालाही न जोडलेल्या स्विचवर एकच कंट्रोलर रिस्टोअर करा, सिसव्हॉल (पॉलिसींच्या फाइलींचं फोल्डर) ऑथोरिटेटिव्ह पद्धतीने, म्हणजे हीच प्रत खरी मानून, आणा, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) स्वतःकडे वळवा, पाचही फिस्मो भूमिका (एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) ताब्यात घ्या, बाकीच्या कंट्रोलरच्या नोंदी काढा, आरआयडीचा (नव्या खात्यांना मिळणाऱ्या क्रमांकांचा) साठा १ लाखाने वाढवा, अ‍ॅडमिनचे सगळे पासवर्ड बदला आणि केआरबीटीजीटीचा (लॉगिनची तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात ते खातं) पासवर्ड दोनदा बदला. दोनदा, कारण ते खातं आधीचा पासवर्डही धरून ठेवतं. चालू नेटवर्कवर हे करत असाल तर दोन बदलांमध्ये १० तासांहून जास्त अंतर ठेवा. तिकिटांची मूळ मुदत १० तासांची असते आणि घाई केली तर सेवा तुटतात.

एवढं होऊनही बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. रिस्टोअर केलेल्या डिरेक्टरीत हल्लेखोराची ग्रुप पॉलिसी आणि त्यातलं शेड्यूल्ड टास्कही (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) परत येतं, आणि पहिला डेस्कटॉप जोडताच तो पुन्हा पुसला जातो. म्हणून पॉलिसींची यादी दर महिन्याला छापून ठेवा आणि कुठलंही मशीन जोडण्याआधी ताडून पाहा. ‘फार जुना बॅकअप आणू’ ही वाटही नाही: टूम्बस्टोनची (डिरेक्टरीत पुसलेल्या नोंदींची खूण) मूळ मुदत १८० दिवसांची, त्याहून जुना बॅकअप चालत नाही. कीवस्टारमध्ये हल्लेखोर सात महिने होते. त्यामुळे बाकी सर्व्हरसाठी नियम साधा ठेवा: ऑपरेटिंग सिस्टिम स्वच्छ इन्स्टॉलरमधून, बॅकअपमधून फक्त डेटा. इन्स्टॉलर, लायसन्स की, ड्रायव्हर, स्विच-फायरवॉलची कॉन्फिगरेशन आणि फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) हे सगळं दोन एनक्रिप्टेड डिस्कवर, दोन इमारतींत.

फर्मवेअर विसरू नका. २०१५ मध्ये उपकेंद्रांतल्या सीरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं (जुनी यंत्रं नेटवर्कला जोडणारे डबे) फर्मवेअर खराब केलं गेलं. यूपीएसही नेटवर्कवरून बंद पाडले होते, त्यामुळे नियंत्रण कक्षच अंधारात गेला. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले, म्हणून काही तासांत वीज आली. व्हायासॅटला जवळपास ३०००० मोडेम बदली म्हणून पाठवावे लागले. यूपीएसचं नेटवर्क कार्ड वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, मुख्य स्विच आणि फायरवॉलचा एक-एक जादा नग कपाटात ठेवा, आणि कन्सोल केबल (यंत्राला थेट जोडायची तार) खरंच चालते का ते पाहा.

विंडोजच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींत) चार क्रमांकांवर फोन वाजला पाहिजे: ११०२, म्हणजे सुरक्षा लॉग पुसला, ७०४५, नवी सेवा बसली, ४७२८, विशेष गटात कुणी घुसलं, आणि ५१३६, डिरेक्टरीतली वस्तू, विशेषतः ग्रुप पॉलिसी, बदलली. यातल्या शेवटच्यासाठी ऑडिटिंग (बदलांची नोंद ठेवणं) मुद्दाम चालू करावं लागतं. रात्री दोन वाजता पॉलिसी बदलली आणि ती आपल्या कुणी बदललेली नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ते वायपरच्या आवाक्याबाहेर ठेवा.

संकेतस्थळं विद्रूप करणं आणि डीडॉस (मागण्यांचा पूर लोटून संकेतस्थळ बंद पाडणं) यांचा गाजावाजा जास्त होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात महाराष्ट्र सायबरने सुमारे १५ लाख हल्ले झाल्याचं आणि त्यातले १५० यशस्वी ठरल्याचं सांगितलं. यासाठी सीडीएनमागे (पानांच्या प्रती ठेवून मधे उभं राहणारं सर्व्हरचं जाळं) मूळ सर्व्हरचा पत्ता लपवा आणि एक स्थिर पान तयार ठेवा. आयटीची सगळी माणसं संकेतस्थळामागे धावत असताना डोमेन कंट्रोलरवर कोण बघतंय, हे आधीच ठरवून त्या माणसाला तिथून हलवू नका.

मार्च २०२५ मध्ये युक्रेनच्या रेल्वेची ऑनलाइन तिकीट यंत्रणा पडली. खिडक्यांवर रांगा लागल्या, पण गाड्या धावत राहिल्या. तुमच्या संस्थेत तसं व्हायचं असेल तर हे कागदावर हवं: फोन नंबर, कारण कंपनीच्या चॅटमधली यादी चॅटबरोबरच जाते; आयपी पत्ते आणि व्हीलॅनचा नकाशा; कोणती सेवा आधी उभी करायची याचा क्रम, वरिष्ठांच्या सहीसह; आणि नेटवर्कची मुख्य तार उपटायचा अधिकार रात्रपाळीच्या कोणत्या माणसाला आहे, त्याचं नाव. ही शेवटची ओळ बहुतेक आराखड्यांत नसते, आणि परवानगी मिळेपर्यंत वायपरचं काम उरकलेलं असतं.