‘लंब म्हणजे उभा ना, बाई?’

कळव्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवीला गणित शिकवते. यंदा घटक चाचणीत विशालकोन त्रिकोणाचे (ज्याचा एक कोन काटकोनाहून मोठा असतो) तिन्ही शिरोलंब, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर काटकोनात टाकलेल्या रेघा, काढायला दिले होते. ३८ पैकी २९ जणांचे चुकले, तेही जवळपास एकसारखे: रेघ त्रिकोणाच्या आतच, समोरच्या बाजूच्या मध्याशी टेकवलेली. मी व्याख्या पुन्हा फळ्यावर लिहिली, आकृत्या काढून दाखवल्या. आठवड्याने तोच प्रश्न दिला, तर २६ चुकले.

इतकी मुलं एकाच पद्धतीने चुकतात, तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी पक्कं बसलेलं असतं. ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं ठरवलं. पुठ्ठ्याचे आकार कापले आणि मधल्या सुट्टीत रोज दोघा-तिघांना बोलवायला लागले. मूल बोलत असताना मध्ये पडून दुरुस्त करायचं नाही, हे पाळणं फार जड गेलं.

चौरस दाखवला की ‘चौरस’. तोच टोकावर उभा धरला की ‘आता पतंग झाला’. ‘चौकोन’ म्हटलं की काटकोन गृहीतच, कारण घरी चौकोनी डबा तसाच असतो. आणि समभुज त्रिकोणाचे कोन सारखे, म्हणून समभुज चौकोनाचेही सारखेच! एकच शब्द दोन्हीकडे वापरायला आपणच शिकवतो. मुलाने त्यावरून तर्क लावला तर त्याला निष्काळजी कसं म्हणायचं?

डच शिक्षक दाम्पत्य डिना आणि पिएर व्हॅन हिले यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पायऱ्या बी.एड.ला पाठ केल्या होत्या. मूल आधी आकार दिसण्यावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म पाहतं, त्यानंतर गुणधर्मांचे एकमेकांशी संबंध जोडतं. मी व्याख्येतून संबंध सांगत होते आणि अर्धा वर्ग अजून दिसण्यावरच होता.

शिरोलंबाचं कोडं एका मुलीने उलगडलं. ६, ८ आणि १० सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण तिच्यासमोर ठेवला. ६ सेंमीची बाजू खाली असताना तिने क्षेत्रफळ २४ चौसेंमी काढलं. पुठ्ठा फिरवून १० सेंमीची बाजू खाली आणली, तर म्हणाली, ‘पाया १०, उंची ८, म्हणजे ४०.’

‘पुठ्ठा तोच आहे ना गं?’

ती बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग ८ सेंमीच्या बाजूवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, ‘बाई, ही आता तिरकी झाली. पण लंब म्हणजे उभा ना? बाबांच्या ओळंब्यासारखा?’

तिचे वडील गवंडी आहेत. ओळंबा कायम जमिनीकडेच जातो, म्हणून तिचा लंबही पानावर वरून खालीच यायचा. पाया तिरका असला तरी. मी विचारलं, बाबांकडे गुण्याही असेल ना? म्हणाली, ‘हो, तो कसाही धरला तरी काटकोनच.’ मी कंपासपेटीतला गुण्या तिच्या हातात दिला. काटकोनाची एक कड १० सेंमीच्या बाजूला लावून तिने तो सरकवत नेला आणि दुसरी कड शिरोबिंदूला टेकल्यावर रेघ मारली. उंची मोजली: ४.८. पाया-उंचीचा गुणाकार निम्मा करून २४ आल्यावर तिने पुठ्ठा पुन्हा फिरवून पाहिला.

त्यानंतर अख्ख्या वर्गाला मी शिरोलंब गुण्या सरकवूनच काढायला लावले. विशालकोन त्रिकोणात गुण्या बाजू संपल्यावरही पुढे सरकवावा लागतो, तिथे एक मुलगा अडला. ‘त्रिकोणाची उंची त्रिकोणाच्या बाहेर कशी जाईल?’ पाया पट्टीने पुढे वाढवून ती रेघ त्याने स्वतः मारली, तरी दोन दिवस त्याला पटत नव्हतं. मला त्याची शंका फार आवडली.

पुढच्या चाचणीत ११ चुकले. त्यातले सातजण अजून मध्यगेलाच, म्हणजे समोरच्या बाजूच्या मध्याशी जाणाऱ्या रेघेलाच, शिरोलंब समजतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आधी त्यांनाच बोलावणार आहे, तोच पुठ्ठा घेऊन.