वॉलनपॉपॅकच्या काठी दुसरं घर पाहताना

शनिवारी सकाळी सातला न्यू जर्सीतल्या एडिसनहून, आमच्या घरून, पेनसिल्व्हेनियातल्या वॉलनपॉपॅक तळ्याकडे निघालो. २८७, मग ८० नंबरचा हायवे. डेलावेअर वॉटर गॅपच्या पुलावर पेनसिल्व्हेनियात शिरताना टोल लागतो, परतताना नाही. पुढे ३८०, ८४ आणि शेवटी ५०७, जो तळ्याच्या कडेने हॉली गावाकडे जातो. वॉलनपॉपॅकचं पाणी दिसताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं भंडारदराच!" वीजनिर्मितीसाठी बांधलेलं हे तळं १९२६ चं. भंडारदऱ्याचं धरणही त्याच वर्षी पुरं झालं, हे घरी आल्यावर वाचलं.

आमच्या एडिसनच्या घरावर एफएचएचं (सरकारी हमीचं) लोन आहे, साडेतीन टक्के डाउन पेमेंट भरून घेतलेलं. व्याजदर इतका चांगला आहे की ते मोडायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. ते ठेवून दुसरं घर घेता येतं, पण एफएचएवर नाही. ते लोन राहत्या घरासाठीच असतं आणि एका वेळी सहसा एकच मिळतं. नोकरीसाठी १०० मैलांपलीकडे जावं लागलं किंवा कुटुंब वाढलं, अशा मोजक्याच कारणांना अपवाद. एका एजंटने सुचवलं, "नवं घरच राहतं घर म्हणून दाखवा." तिथेच त्याला नमस्कार केला. ही कर्जातली फसवणूक आहे. कुणी कितीही सहज सांगितलं तरी करू नका.

आम्ही कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं नेहमीचं लोन बघतोय. दुसऱ्या घराला किमान १० टक्के डाउन, म्हणजे ३ लाख डॉलरच्या घराला ३० हजार. २० टक्क्यांखाली पीएमआय, म्हणजे बँकेच्या सुरक्षेसाठी आपण भरायचा कर्जाचा विमाही लागतो. शिवाय एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या घराच्या कर्जावरचं शुल्क बरंच वाढलंय, आणि डाउन जितकं कमी तितकं ते जास्त. बँक दोन्ही घरांचे हप्ते, टॅक्स, विमा, एचओए (सोसायटीची वर्गणी) सगळं तुमच्या उत्पन्नासमोर मांडते. भाड्याने देऊन हप्ता निघेल हा हिशेब तिथे चालत नाही. दुसऱ्या घराचं भाडं उत्पन्नात धरतच नाहीत.

त्या दिवशी पाहिलेलं पहिलं घर अगदी पाण्याला लागून होतं, मुलं तिथून हलेनात. पण हिवाळ्यात पाण्याची लाइन बंद करावी लागते असं मालकाने सांगितलं, आणि माझं मन खट्टू झालं. दुसऱ्या घराच्या लोनसाठी ते सहसा बारमाही राहण्यासारखं असावं लागतं. म्हणून फोनवरच विचारून घ्या: हीटिंग कुठलं, विहिरीच्या पाण्याची तपासणी कधी झाली, सेप्टिक टाकी किती जुनी, एचओए महिना किती. आम्ही न विचारता गेलो आणि अर्धा दिवस गेला.

एच-वन-बी व्हिसावरच्या मैत्रिणींसाठी: २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना नवं एफएचए लोन मिळत नाही. हातातलं असेल तर ते मोडण्याआधी दहादा विचार करा.

त्या दिवशी पाहिलेलं, तळ्यापासून जरा आत असलेलं दुसरं एक घर मनात बसलंय. फेब्रुवारीत बर्फ पडल्यावर पुन्हा जाणार आहोत. त्या चढावर गाडी चढते का, ते बघायचंय.