नानजिंग: नाव पुसलेल्या सम्राटाच्या अंगणात

चीनमधल्या नानजिंगच्या मेट्रोत ‘मिंग गुगोंग’ नावाचं स्टेशन आहे, म्हणजे मिंग घराण्याचा राजवाडा. जिना चढून वर आलो तर राजवाडा कुठेच नाही. वूचाओमेन बागेत वूमेन दरवाजाच्या थोरल्या कमानी तेवढ्या उभ्या, आणि गवतात खांबांच्या दगडी बैठका. एकीवर हात ठेवला. गार, ओलसर दगड.

इथे जियानवेन सम्राटाने जेमतेम चार वर्षं राज्य केलं. वडील आजोबांच्या आधीच गेले, म्हणून १३९८ साली होंगवू सम्राटाची गादी थेट वीस वर्षांच्या नातवाकडे आली. पोरगा वाचनात रमणारा, मनाने मऊ. च्यांगनानच्या, म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या, शेतकऱ्यांचा जाचक सारा त्यानेच कमी केला. पण चहूकडे फौजा बाळगून बसलेले काका! वर्षभरात त्याने पाच काकांचे अधिकार काढून घेतले. त्यातल्या एकाने वाड्याला आग लावून त्यातच जीव दिला. खरा धोका होता बेइपिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) झू दी काकाचा. त्यालाच शेवटासाठी ठेवलं. त्याचे तीन मुलगे नानजिंगमध्ये हाताशी होते, तेही सुखरूप घरी पाठवले. हे आठवलं की मला अजून हळहळ वाटते. सगळ्या काकांना दुखावलं, आणि ज्याला आवरायचं त्यालाच मोकळं सोडलं.

१३९९ मध्ये झू दी उठला. तीन वर्षं लढाई चालली. जुलै १४०२ मध्ये सम्राटाच्याच सेनापतीने, ली जिंगलोंगने, जिनचुआन दरवाजा आतून उघडला. राजवाड्याला आग लागली. एक जळालेला देह सम्राटाचा म्हणून दाखवला गेला, पण तो भिक्षू होऊन निसटला ही कथा आजही सांगतात.

बागेत एक तांबूस डागांचा दगड जपून ठेवलाय. विद्वान फांग श्याओरूने नव्या सम्राटाचा, झू दीचा, राज्यारोहणाचा फतवा लिहायला नकार दिला, त्यापायी त्याला आणि त्याच्या गोतावळ्याला मारलं. हे त्याचंच रक्त, असं लोक मानतात. मी त्या दगडापाशी बराच वेळ थांबलो.

झू दीने पुतण्याची कारकीर्द पंचांगातूनच खोडली. होंगवू वारून चार वर्षं झाली होती, तरी १४०२ हे त्याच्या राजवटीचं ३५वं वर्ष ठरलं. जियानवेनचा कालखंड परत मान्य व्हायला १५९५ साल उजाडलं.

दुपारी जांभळ्या डोंगरावर आजोबांची समाधी पाहिली. दगडी हत्ती, उंट, रक्षक, दूरवर चाललेली वाट. नातवाच्या समाधीचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही.