रात्रपाळीला येणारे डॉक्टर

आमच्या सांगलीत विश्रामबागच्या आसपास छोट्या हॉस्पिटलांची काही कमी नाही. दिवसा मोठे डॉक्टर असतात, रात्री आरएमओ, म्हणजे वॉर्ड सांभाळायला ठेवलेले ड्यूटी डॉक्टर. त्या खुर्चीत पुष्कळदा पीजी करणारी, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारी मुलं दिसतात. कॉलेजची ड्यूटी उरकायची, पोटात चार घास ढकलायचे आणि इकडे यायचं.

मी इथली नर्स. काल रात्री असेच एक निवासी डॉक्टर (पीजी करता करता कॉलेजच्या हॉस्पिटलात ड्यूटी करणारे) होते. अडीचच्या सुमारास एका आजींचं पोटॅशियम कमी आलं. पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्यूल ५०० मिली सलाइनमधून, अशी ऑर्डर त्यांनी लिहिली. किती तासांत ते लिहायचं राहिलं. हे औषध भराभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात. मी केसपेपर पुढे केला. "डॉक्टर, रेट सांगा."

त्यांनी डोळे चोळले, ओळ परत वाचली, चार तास लिहून सही केली. म्हणाले, "सिस्टर, सकाळी आठपासून उभा आहे. उद्या आठला परत राउंड."

पोर कामचुकार नाही. आजींच्या उशाशी बसून लघवी झाली का, छातीत धडधडतंय का, सगळं विचारत होतं. पण घरावर शिक्षणाचं कर्ज आहे, स्टायपेंड वेळेवर येत नाही आणि इथे रात्रीचे पैसे सकाळी हातात पडतात.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत सलग ड्यूटी सहसा १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८ तास, असं लिहिलंय. पीजी शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांनी ही मुलं कॉलेजची पूर्णवेळ निवासी डॉक्टर. पूर्णवेळ म्हणता ना, मग पैसेही वेळेवर द्या आणि झोपायलाही द्या. इंटर्नचं, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी प्रशिक्षण घेणाऱ्यांचं, तर आणखी अवघड. त्यांची नोंदणीच तात्पुरती, स्वतंत्रपणे पेशंट बघायची मुभा नाही, तरी कुठे कुठे रात्री एकटे बसवतात.

मला राग येतो तो हॉस्पिटल चालवणाऱ्यांचा. अनुभवी, झोप झालेल्या डॉक्टरचा पगार वाचतो यांचा. उद्या काही बरंवाईट झालं तर केसपेपरवर सही त्या पोराची, आणि नातेवाईक गचांडी धरणार तीही त्याचीच.

आज मेट्रनबाईंच्या कानावर घातलं. दिवसभर राबून आलेल्याला रात्री एकट्याने आयसीयू सांभाळायला देऊ नका, म्हटलं. त्या मालकांशी बोलणार आहेत. तोवर जोखमीच्या इंजेक्शनची ऑर्डर आम्ही दोघी सिस्टर मोठ्याने वाचतो, डॉक्टरांकडून हो म्हणवून घेतो आणि मगच लावतो.