सोडत, प्रतीक्षायादी आणि आजीची रांग

लेक आठवीत होती तेव्हा आम्ही सॅन दिएगोतल्या हाय टेक हायचा अर्ज भरला. ही चार्टर शाळा. सरकारी पैशांवर चालते, फी नाही, पण कारभार स्वतःच्या मंडळाकडे. कॅलिफोर्नियात अशा शाळांचा कायदा १९९२ साली झाला आणि ही शाळा २००० साली पॉइंट लोमाला, नौदलाच्या बंद झालेल्या प्रशिक्षण केंद्राच्या जागेत सुरू झाली. प्रवेशपरीक्षा नाही. आपल्याकडे आरटीईची निघते तशी सोडत निघते, आणि शहराच्या सगळ्या भागांतली मुलं यावीत म्हणून झिपकोड (आपला पिनकोड) पाहिला जातो. मला हे मनापासून पटलं होतं, तरी आमचं नाव प्रतीक्षायादीत लागलं तेव्हा रडू आलं. जुलैत प्रवेश मिळाल्याचा ईमेल आला. तोवर दुसऱ्या शाळेचे कागद भरून ठेवले होते, तुम्हीही ठेवा.

पहिले चार महिने माझे फार वाईट गेले. पुस्तकातला कितवा धडा चालू आहे विचारावं, तर तसे धडेच नाहीत. एपीचे, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकवणारे, वर्ग नाहीत. ज्याला ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीचा अभ्यासक्रम, हवा त्याने त्याच वर्गात बसून जास्तीचं काम करायचं, कारण हुशार आणि कच्ची अशा तुकड्या इथे पाडत नाहीत. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखीच्या बायका मुलांच्या एपींची संख्या सांगत होत्या, मी गप्प बसले. घरी येऊन शाळेचे विषय यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) प्रवेशाच्या अटींत बसतात का ते तपासलं. बसतात. तेव्हा कुठे झोप लागली.

मग तिचा पाण्याचा प्रकल्प आला. भौतिकशास्त्र आणि ह्युमॅनिटीज (भाषा आणि इतिहास), दोन्ही शिक्षक मिळून घेत होते. सॅन दिएगोचं बरंचसं पाणी बाहेरून येतं, त्यात कोलोरॅडो नदीचा वाटा मोठा. ते पाणी आणणारा कालवा ३८९ किलोमीटरचा, वाटेत डोंगर, आणि पाच पंपिंग स्टेशनं मिळून पाणी जवळजवळ ४९० मीटर वर चढवतात. तिच्या गटाला याचं चालतं मॉडेल करायचं होतं. पहिला आराखडा वर्गात भिंतीवर लागला. तिथे नुसतं 'छान आहे' म्हणून चालत नाही. शेरा प्रेमळ, नेमका आणि उपयोगी असावा लागतो. एका मुलाने लिहिलं, "पाणी वर का चढतं ते तुमच्या चित्रातून कळत नाही." लेक दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बादली, नळी आणि मत्स्यालयाचा पंप घेऊन बसली. चौथ्या आराखड्यापर्यंत तिला उंची आणि दाबाचं गणित असं कळलं होतं की मला समजावून सांगताना ती कागदाकडे बघतसुद्धा नव्हती. (मी स्वतः इंजिनिअर आहे. त्या वयात मी हे फक्त पाठ केलं होतं.)

दुसऱ्या भागात पाणीटंचाई पाहिलेल्या माणसाची मुलाखत हवी होती. तिने लातूरला आजीला फोन लावला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ते आजीच्या डोळ्यांसमोरचं. प्रदर्शनाच्या संध्याकाळी शाळेत अनोळखी माणसं येऊन प्रश्न विचारत होती आणि आमची पोर त्यांना मिरज कुठे आहे ते नकाशावर दाखवत होती.

खरी कसोटी सत्राच्या शेवटी. याला पीओएल, म्हणजे प्रेझेंटेशन ऑफ लर्निंग, म्हणतात. शिक्षक, वर्गमित्र आणि पालकांसमोर उभं राहून मुलाने सांगायचं, काय शिकलो, कुठे फसलो. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पंप दोनदा गळला तेही तिने सांगितलं. शिक्षिकेने विचारलं, "परत करायला मिळालं तर काय बदलशील?" मला वाटलं, पंप म्हणेल. ती म्हणाली, "मी आजीला किती लिटर मिळायचं ते विचारलं. रांगेत कोण उभं राहायचं, हे विचारायचं राहिलं."

त्या संध्याकाळी, लातूरला सकाळ झाल्यावर, तिने फोन लावला. आजी म्हणाली, "मीच की गं. चार वाजता उठून." मग पाऊण तास दोघी बोलत होत्या. चहाचं विचारायला दोनदा दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले.